ही माणसं नसती तर

शनिवार, १४ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग. पिल्लूला म्हणावं, मावशीने तुझं चित्र फ्रिजवर लावलंय. तो हत्ती आहे की सोफा, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

इकडे सगळं ठीक. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता त्यांना कोपऱ्यातली जळमटं लांबून दिसतात, त्यामुळे माझं काम वाढलंय. हा नेहमीसारखाच. त्याच्या कंपनीने त्याला एका नव्या उंच इमारतीच्या लिफ्ट सांभाळायला दिल्यात. संध्याकाळी येतो तेव्हा दारातच ग्रीसचा वास येतो.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुला फोन लावला की आधी भाऊजी बोलतात, मग पिल्लू, आणि मग तू मला स्पीकरवर टाकून भांडी घासायला घेतेस. मला जे सांगायचंय ते भांड्यांच्या आवाजात सांगता येणार नाही. शिवाय काल रात्री घरी आल्यापासून माझा आवाजच फुटत नाहीये. घसा बरा आहे. बोलायला तोंड उघडते आणि पुढे काही येत नाही.

काल आमच्या एजन्सीचा वाढदिवस होता. तिथून सुरू करते.

आमचं काम तुला माहीत आहे. कंपन्यांना नावं शोधून द्यायची, त्यांचं चिन्ह करायचं, आणि डब्यावर, फलकावर, जाहिरातीत काय लिहायचं ते ठरवायचं. ते लिहिणारी मी. मालकाला सगळ्यांनी दादा म्हणायचं. माणसांचं बघणारी जी आहे तिला आक्का. ती माझ्यापेक्षा वयाने लहान आहे, तरी आक्का. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'इथे कोणी नोकर नाही, सगळे घरचे'. ते मी लिहिलेलं नाही, एवढं तरी बरं आहे.

या वर्षी दादांच्या डोक्यात आलं की जगाची ओळख आपण घडवतो, मग आपल्या ऑफिसची का नको? चांगली माणसं आपणहून नोकरी मागत आली पाहिजेत. म्हणून एक फिल्म करायची. प्रत्येकाने कॅमेऱ्यापुढे बसून सांगायचं, इथे काम करताना काय अनुभव आला. गेल्या महिन्यात लहान मीटिंग रूमच्या काचांना काळं कापड लावून आम्हाला एकेक करून आत बोलावलं. कॅमेऱ्यावर आमचा लुकड्या होता. तो फार सरळ मुलगा आहे. प्रश्न आक्का विचारत होती. म्हणाली, "मनातलं बोल. नको असेल ते नंतर काढून टाकू."

मी ठरवून गेले होते की दोन गोड वाक्यं बोलायची आणि उठायचं. तिने विचारलं, "इथला न विसरता येणारा दिवस कुठला?" आणि ताई, मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायलाच लागले. थांबताच येईना. नाक, डोळे, सगळं वाहत होतं. आक्काने लुकड्याला सांगितलं, "बंद कर रे." मग खुर्ची जवळ ओढून माझा हात हातात घेतला, आणि मी उरलेलं सांगितलं. बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं. मनात म्हटलं, कुणाला तरी सांगून झालं एकदाचं.

काय सांगितलं ते लिहिते. आधी कालचं पुरं करू दे, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

काल घरच्यांनाही आमंत्रण होतं. भाड्याचा हॉल, मऊ खुर्च्या, समोर भिंतीएवढा पडदा. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, नवा चष्मा लावून आल्या होत्या. हा कामावरून परस्पर आला, हात तीन-चारदा धुऊनही नखं काळीच. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. दिवे मालवले, फिल्म सुरू झाली. ओळखीचे चेहरे एवढे मोठे बघून लोक हसत होते. मीही हसत होते. रिसेप्शनवरची आली, चित्रं काढणारे काका आले, हिशेबवाला आला.

मग मी आले.

भिंतीएवढा माझा चेहरा. डोळे सुजलेले, ओठ थरथरताहेत. पडद्यावरची मी म्हणाले, "त्या दिवशी मला वाटलं, आता संपलं." खाली अक्षरं आली: रंगाच्या कंपनीचं काम आपण जिंकलं तो दिवस. मी म्हणाले, "तेवढ्यात आक्का आली. तिने हात धरून मला उठवलं." मागे हळू संगीत वाजत होतं. "मी आत गेले. माझ्या वाटणीचं सगळं बोलले." मग मनगटाने डोळे पुसले आणि म्हणाले, "ही माणसं नसती तर..." आणि चित्र हळूहळू पांढरं होत गेलं. त्या पांढऱ्यावर आमच्या एजन्सीचं चिन्ह उमटलं.

टाळ्यांनी हॉल दणाणला. लोक उठून उभे राहिले. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. त्या दोन्ही हात उंच धरून टाळ्या वाजवत होत्या आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होत्या, "माझी सून आहे ही."

ह्यानेही आधी टाळ्या वाजवल्या. मग त्याचे हात थांबले. तो पडद्याकडेच बघत होता. पडदा तोवर कोरा झाला होता. माझ्याकडे न वळता त्याने विचारलं, "रंगाच्या कंपनीचं काम. तो तोच दिवस ना?"

मी हो म्हटलं.

ताई, आता पुढे जायच्या आधी तुला सांगायलाच हवं. सकाळपासून हत्ती आणि जळमटं लिहीत बसलेय ते हे सांगणं टाळण्यासाठीच. मला दिवस गेले होते. तिसरा महिना लागायचा होता. डॉक्टरीण म्हणाली होती, थोडं थांबा, मग सांगा सगळ्यांना. तुला मी सुट्टीत तिकडे येऊन सांगणार होते, कारण मला तुझा चेहरा बघायचा होता. ठाऊक होतं फक्त ह्याला आणि मला. सासूबाईंनाही नाही.

त्या सकाळी रंगाच्या कंपनीची माणसं येणार होती. ऑफिसात पोचले आणि पोटात कळ आली. बाथरूममध्ये गेले तर रक्त. मी तिथेच फरशीवर बसले. काय होतंय ते कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. आक्का शोधत आली. तिला सांगावंच लागलं. तिचा चेहरा पांढराफटक झाला, हे खरं. तिने माझे कपडे सावरले, पाणी दिलं, हात धरून उठवलं. आणि म्हणाली, "ती माणसं येऊन बसलीत. फक्त तुझा भाग कर. मग मी स्वतः टॅक्सी आणते."

दादा काचेच्या दारात उभे होते. तिने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. ते माझ्याकडे आले, खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "बसून बोल, चालेल. हे तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही."

मी माझं जॅकेट घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसले. घराच्या भिंतींबद्दल बोलले. भिंतींना कसं सगळं आठवत असतं, असलं काहीतरी मी लिहिलं होतं. समोरची माणसं जिथे हसायला हवी होती तिथे हसली. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती, ती कोणाला दिसली नाही.

नंतर दवाखाना. डॉक्टरीण म्हणाली, लवकर आला असतात तरी काही वेगळं झालं नसतं, हे असं होतं बऱ्याच जणींचं. माझा तिच्यावर विश्वास आहे. ह्याला मी फोन केला तो तिथून. ऑफिसात बरं वाटेना म्हणून सरळ इथे आले, एवढंच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर त्याने जाऊन ते काचेचं दार फोडलं असतं. तुला कळवलं ते, पाठ धरलीय, रजेवर आहे.

आणि हे सगळं मी त्या काळ्या कापडाच्या खोलीत आक्काला सांगितलं होतं. तिला निम्मं माहीतच होतं. मला वाटलं, तिलाही ते मनात सलत असेल. शेवटचं वाक्य मी असं म्हणाले होते: "ही माणसं नसती तर त्या वेळी मी माझ्या नवऱ्याजवळ असते."

त्यांनी ते अर्ध्यावर कापलं. ताई, शब्द कसे लावायचे हा माझा धंदा आहे. एका शब्दाने अर्थ कसा फिरतो ते मी नव्या मुलांना शिकवते. आणि तरी मला काल पडद्याकडे बघताना क्षणभर वाटून गेलं की ही बाई किती आनंदाने रडतेय.

दादांनी मला स्टेजवर बोलावलं. पाय आपोआप गेले. दिवे डोळ्यांवर होते. त्यांनी माईक हातात दिला आणि म्हणाले, "आपल्या घरची लेक." मला एवढंच सुचलं. मी म्हटलं, "ते वाक्य अर्धं दाखवलंय. पुढचं मी सांगते." आणि सांगितलं. बाथरूम, रक्त, खुर्ची, आणि मग ते वाक्य, पुरं. आवाज चढला नाही. हॉलमध्ये मागे कुणीतरी सवयीने टाळी वाजवायला लागलं आणि मध्येच थांबलं.

दादांनी माझ्या हातातून माईक घेतला. हळुवारपणे, जसा लहान मुलाच्या हातातून कप काढून घ्यावा. म्हणाले, "आज आपण सगळेच भावुक झालोय. चला, जेवण थांबलंय."

आणि लोक जेवायला गेले. मला अजून तेच पटत नाहीये. माणसं उठली, रांगेत उभी राहिली, ताटं घेतली. कुणीतरी विचारत होतं, चमचे कुठे आहेत.

टॅक्सीत बसलो. हा खिडकीबाहेर बघत होता. सासूबाई म्हणाल्या, "मी टाळ्या वाजवल्या." मी म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत नव्हतं." त्या पुन्हा म्हणाल्या, "मी टाळ्या वाजवल्या." घरी आल्यावर चष्मा काढून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

आज सकाळी हा चहा न घेताच कामावर गेला. दार हळू लावून घेतलं. जोरात आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुला आधी सांगितलं नाही म्हणून रागावणार असशील तर रागाव. पण इथे येऊन रागाव.

तुझी,
धाकटी


रविवार, २९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सुखरूप पोचलीस हे भाऊजींकडून कळलं. पत्र मिळताच तू निघून आलीस, तुझ्या शाळेत रजेला काय कारण दिलंस ते देवाला ठाऊक. पिल्लूला आणलं नाहीस ते बरं केलंस. पहिल्या दिवशी आपण दोघींनी जे काही रडून घेतलं, ते त्याने बघायला नको होतं.

तू गेल्यावर तू म्हणालीस तसं केलं. सोमवारी सरळ दादांच्या काचेच्या खोलीत गेले. म्हटलं, माझा भाग काढून टाका. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ते शांत होते. म्हणाले, "तुझ्या तोंडचा एक शब्द आम्ही बदललेला नाही."

मी म्हटलं, "कॅमेरा बंद आहे असं मला सांगितलं होतं."

आक्का तिथेच बसली होती. ती काचेतून बाहेर बघायला लागली. लुकड्याला बोलावलं. तो बिचारा दारातच उभा राहिला आणि दादांच्या देखत बोलला. "मी बंद करत होतो, तेव्हा आक्कांनी खुणेने राहू दे म्हटलं. कापायला दादा शेजारी बसले होते. मी म्हटलं, एकदा त्यांना विचारू. दादा म्हणाले, ती घरचीच आहे, घरच्यांना काय विचारायचं."

दादांनी नाकारलं नाही. त्यांना त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. आणि मग पुढे काय बोलले ते ऐक, ताई. म्हणाले, "ही फिल्म मी काही कंपन्यांना दाखवली. तुझ्या भागाला सगळे गप्प होतात. त्यांनाही त्यांच्या माणसांच्या अशाच फिल्म हव्यात. एक नवा विभाग काढतोय. तू सांभाळशील? तुझ्याइतकं आतून कोणाला कळणार?"

त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी चांगलं देताहेत. चेहऱ्यावर कौतुक होतं. तू म्हणाली होतीस ना, तो माणूस बनेल आहे. नाही गं. बनेल असता तर मला भांडता आलं असतं.

मी उठले आणि माझ्या जागेवर जाऊन सामान भरायला लागले. जेवणाची वेळ होती. चित्रं काढणारे काका डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "फिल्ममध्ये मी म्हणतो ना, मला घरी जावंसंच वाटत नाही. ते पुढे असं होतं, की घरी जातो तेव्हा मुलगी झोपलेली असते आणि बायकोने बोलणं सोडलंय." एवढं बोलून ते डबा उघडायला लागले. मग रिसेप्शनवरची आली. तिचं वाक्य होतं, "इथे मला कधी एकटं वाटत नाही." ती म्हणाली, "पुढे मी म्हटलं होतं, कारण पाणी प्यायला उठले तरी कुठे चाललीस म्हणून विचारतात." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. हिशेबवाल्याचंही तसंच. माणसं येत राहिली. आपली कापलेली वाक्यं एकमेकांना पुरी करून सांगत होती. इतकी वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो, आणि हे कोणाचं कोणाला माहीत नव्हतं. दादांच्या खोलीतून सगळं दिसत होतं. ऐकू येत नसणार.

जेवण झाल्यावर काका उठले, काचेच्या दारावर टकटक केली आणि म्हणाले, "माझा चेहरा काढा." मग रिसेप्शनवरची गेली. मग हिशेबवाला. कोणी भांडलं नाही. एकेक जण आत जाऊन तेवढंच बोलून येत होता. संध्याकाळपर्यंत त्या फिल्ममध्ये दादा, आक्का आणि भिंतीवरची अक्षरं एवढंच उरलं. शेवटी दादांनी ती फिल्मच मागे घेतली. हे मला काकांनी कळवलं. तोवर मी निघाले होते.

लिफ्टपर्यंत आक्का मागे आली होती. डोळे लाल. लिफ्ट आली, मी आत शिरले, दार मिटेपर्यंत ती तशीच उभी होती. तिच्याबद्दल मला काय वाटतं ते मलाच ठरवता येत नाही. तिनेच मला फरशीवरून उचललं होतं, आणि तिनेच आत नेऊन बसवलं.

पुढे काय, असं तू विचारशील. अजून काही ठरवलेलं नाही. घरी बसलेय. ह्याचं म्हणणं, घाई करू नकोस. हो, बोलायला लागलाय. परवा दोघं गच्चीवर कपडे काढत होतो, तेव्हा एकदम म्हणाला, "मी त्या दिवशी जवळच्याच इमारतीत होतो. चालत आलो असतो." मी म्हटलं, माहीत आहे. मग आम्ही चादरीची चार टोकं जुळवत तिथेच उभे राहिलो. तो कोणाचं दार फोडायला गेला नाही. मला वाटत होतं त्यापेक्षा हा माणूस खोल आहे.

सासूबाईंचं मात्र मला कळत नव्हतं. तू होतीस तेव्हाही त्या गप्पच होत्या, तू पाहिलंस. कामापुरतं बोलायच्या, माझ्याकडे बघायच्या नाहीत. मला वाटलं, आपल्याला आधी सांगितलं नाही याचा राग असेल, किंवा मी उठून आत गेले याचा.

आज सकाळी मी भाजी निवडत होते. त्या येऊन समोर बसल्या. थोडी भाजी स्वतःकडे ओढून घेतली, निवडायला लागल्या. खाली बघूनच विचारलं, "फार दुखत होतं का गं तेव्हा?"

ताई, तोवर कोणी मला हे विचारलंच नव्हतं. डॉक्टरणीने किती रक्त गेलं ते विचारलं. आक्काने जमेल ना विचारलं. दादांनी काहीच नाही. ह्याने कधी, कुठे, का, सगळं विचारलं. तूसुद्धा मला कुशीत घेतलंस, पण हे विचारलं नाहीस. आणि मीही त्या खोलीत इतकं बोलले, त्यात हे कुठेच नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, हो आई. दुखत होतं. फार दुखत होतं.

तुलाही तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

तुझी,
धाकटी